कुसैसचे अथेन्सकर

अख्ख्या दुबईत उत्तरं देणारे पायलीचे पन्नास, पण प्रश्न विचारणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू! राहायला अल कुसैसला, नोकरी एसीच्या डक्टची एस्टिमेट्स काढण्याची, पण मनानं मुक्काम कायम प्राचीन अथेन्सला. प्रश्न विचारून लोकांना भंडावतो, आपले देव मानत नाही, म्हणून तिथल्या नगरानं एका म्हाताऱ्याला विष पाजलं. ही हकिगत साडूभाऊ अशी सांगत, जणू म्हातारा त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहत होता. लिफ्टमध्ये शिरले की अनोळखी माणसाला विचारत, "भाईसाब, पवित्र मतलब क्या?" त्यांची लेक कळवळायची, "बाबा, प्लीज! नॉट इन द लिफ्ट!"

आणि मग आली आमच्या मंडळाची गणपतीची मीटिंग, अध्यक्षांच्या मनखूलच्या घरी. पहिली आरती दरवर्षी देशमानेकाकूंची. आमच्या सगळ्या पोरांना अथर्वशीर्ष त्यांनीच शिकवलेलं. त्या वर्षी काका वारले होते. अध्यक्ष म्हणाले, "यंदा पहिली आरती सवाष्णीच्या हातून. देवाला तेच आवडतं." साडूभाऊ ताडकन उठले. चेहरा असा उजळलेला, जणू लॉटरीच लागली! "साहेब, शिकायचंय म्हणून विचारतो. देवाला आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवाला आवडतं?"

"अहो, परंपरा आहे!"

"म्हणजे देवाला विचारलंच नाही, कमिटीला विचारलं!"

"खलास! मतदान घ्या!" अध्यक्ष ओरडले.

काकूंच्या बाजूनं हात एकच वर गेला, साडूभाऊंचा. माझा नेमका तेव्हाच डोकं खाजवत होता. लगोलग दुसरा ठराव झाला आणि साडूभाऊंची कमिटीतून उचलबांगडी होऊन चपला सांभाळण्यावर नेमणूक झाली.

"यल्ला, चला, शारजाच्या मंडळात जाऊ," गाडीत बसताना मी शरमून म्हणालो.

"छे! बावीस वर्षं याच मंडळाचा प्रसाद खाल्ला. पटवता आलं नाही ना? मग आता पाळायचं."

पाचही दिवस त्यांनी चपला सांभाळल्या, तेही उत्साहानं! आरतीला निघालेल्या अध्यक्षांना त्यांनी 'शुचिता म्हणजे काय' यावर अर्धा तास अनवाणी उभं केलं.

पुढच्या वर्षी पहिली आरती काकूंच्याच हातून झाली. कुणी ठराव मांडला नाही, कुणी कारणही सांगितलं नाही. साडूभाऊ तोवर निवृत्त होऊन सांगलीला गेले होते. मी हरखून काकूंचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "वा! या वेळी हात वर केलात का?"

मी अजून उत्तर लिहितोच आहे.