माता आया है

आखातातल्या आमच्या अल कुसैसच्या बिल्डिंगमध्ये कांजिण्या आणण्याचा मान माझा. नऊ वर्षांची होते. अंगभर फोड, त्यांवर गुलाबी कॅलामाइन आणि शाळेला सुट्टी! मी तर हवेतच होते.

कोणी घरी येऊ नये म्हणून आईने नातूरला, म्हणजे आमच्या वॉचमनला, आपल्या ठेवणीतल्या हिंदीत, ज्यात कांजिण्या म्हणजे माता, बजावलं, "हमारे घर में माता आया है. सबको बोलना." त्या बिचाऱ्याने ते तस्संच मजल्यामजल्यावर पोहोचवलं.

आता समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी वसईच्या, ख्रिश्चन. ऑक्टोबर महिना. त्यांच्या मंडळींत मदर मेरीची मूर्ती रोज एकेका घरी जायची, आणि त्या संध्याकाळी पाळी आंटींची होती. दुपारी त्यांचा जरा डोळा लागलेला. उठल्यावर नातूरचा निरोप ऐकून त्यांना वाटलं, आपण दार उघडलं नाही म्हणून माता समोरच्यांकडे ठेवून गेले. झालं! डोक्यावर स्कार्फ, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात मोगऱ्याचा गजरा, अशा त्या आमच्या दारात हजर. दार मीच उघडलं.

"माता कुठाय गं?"

"इट्स मी, आंटी!"

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई माझ्यावर किंचाळली, "अगं बाई, मागे हो! मागे हो आधी!" आंटींना चौथा महिना होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? वसईला फोन लावला. त्यांची आई म्हणाली, "पाचांतल्या चौघींना झाल्या होत्या. कोण राहिली, ते काय आठवत नाय बाय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दारातच उभ्या होतात, तेव्हा घाबरू नका, पण एकवीस दिवस लक्ष ठेवा, आणि आता नव्याने लागण जवळ येता कामा नये.

आईने ओढणी खोचली आणि ती दारोदार फिरली. प्रश्न एकच, "तुम्हारे को माता आके गया क्या?" ज्यांना येऊन गेल्या, त्यांनीच आमच्या मजल्यावर यायचं, आंटींच्या लिफ्टमध्ये शिरायचं. बाकीच्यांनी जिना. ज्याच्या अंगावर फोड, तो घरात. "तिच्याभोवती कडं करायचं," आई म्हणाली, "आजाराला आत शिरायला फटच ठेवायची नाही." मोठेपणी याचं भारदस्त नाव कळलं, सामूहिक प्रतिकारशक्ती. मला आपलं कडंच बरं वाटतं.

माझ्या खपल्या पडल्या आणि मी कड्यात भरती झाले. काय तो रुबाब! आंटींसाठी बकाल्यातून, म्हणजे खालच्या वाण्याकडून, खुबूसच्या रोट्या आणायच्या आणि जिन्यात मोठ्या मुलांनाही अडवायचं, "यू हॅड इट? नो? खलास, गो बॅक!" ती मुकाट मागे फिरायची. बिल्डिंगमध्ये आणखी चौघांना झाल्या, पण एकही फोड आमच्या मजल्यावर चढला नाही.

आतून मात्र मी भेदरलेली. बाळाला काही झालं तर ते माझ्यामुळे, मी दार उघडलं म्हणून. रोज सकाळी आंटी समोरच्या दारात येऊन दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवायच्या. मी कॅलेंडरवर फुली मारायची. एकविसाव्या दिवशी त्यांनी हात दाखवले, कोरे करकरीत! आईने आणि मी कॉरिडॉरमध्ये फुगडी घातली. आंटी दारातून टाळ्या वाजवत होत्या आणि रडतही होत्या.

मार्चमध्ये आंटी आपल्या नव्या बाळाला, मुलीला, घेऊन हॉस्पिटलमधून घरी आल्या. लिफ्टचं दार उघडलं, आणि मला काय झालं कोण जाणे, मी जिन्यात तोंड घालून बोंबलले, "माता आया है! माता आया है!"

वरखाली धडाधड दारं बंद झाली.

आंटी हसून हसून भिंतीला टेकल्या, आणि त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं. मी त्याचं कपाळ, गाल, हनुवटी, सगळं बारकाईने तपासलं. एक डाग नव्हता. माझ्या नाकावर एक आहे, अजून.