अ, मा, यो, ट्रॉ, फिक

मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारण्यात आबांचा जन्म गेला. घरातसुद्धा त्यांना हळू बोलता यायचं नाही. "आगं एऽ" अशी त्यांची हाक आली की आई आतून करवादायची, "केवढ्यांदा वरडताय, बहिरी न्हाय मी."

मग त्यांची जीभ जड पडू लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि आडपडदा न ठेवता हेही सांगितलं, की यात बोलणं आधी जाईल. मला ते नाव काही केल्या म्हणता येईना. आबांना मात्र नावच पसंत पडलं. "फोड करून दे की," म्हणाले. मी कॅलेंडरच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहून दिलं. अ, मा, यो, ट्रॉ, फिक. पुढे लॅ, ट, रल. मग स्क्ले, रो, सिस. ट्रॉ आणि रो ठासून म्हणायचे.

आबांनी दोन दिवसांत घोटून पाठ केलं. भेटायला शहाळी घेऊन येणारा प्रत्येक जण "काय झालंय म्हणं?" विचारायचा, आणि आबा सौदा पुकारावा तसं एकेक अक्षर सुटं करून सांगायचे. "आता तुमी म्हणा की पावणं." पाहुणा ट्रॉवर अडखळला की आबा खूश. "तुमास्नी सर्दी-पडशाच्या वर काय झेपायचं न्हाय." आम्ही पोट धरून हसायचो. मी हौसेनं व्हिडिओ काढायचे. डॉक्टरांचं बोलणं आम्ही सगळ्यांनी मिळून हसण्यावारी नेलं, याचं आता फार वाईट वाटतं.

आधी स्क्ले गेला. मग ट्रॉ. शेवटी शेवटी नुसता अ राहिला, आणि एक दिवस आबांनी खुणेनं लिहायला पाटी मागितली.

परवा शिरोळहून त्यांचे एक जुने व्यापारी आले. काय झालंय विचारल्यावर आबांनी माझ्या फोनकडे बोट केलं. मी व्हिडिओ लावला. खोली त्या आवाजानं भरून गेली. पाहुणा हसला, आबाही हसले.

पाहुणा गेल्यावर आई कपबश्या उचलता उचलता थांबली. "मला हाक मारल्याली हाय का गं त्यात कुठं? बघ की जरा."

मी सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. प्रत्येकात आबा पाहुण्याला आजाराचं नाव शिकवत होते, आणि आई चहा करायला आत गेलेली होती.