पाठीवरचं मीठ

तेरा किलोमीटर चालत परत जायचं होतं, आणि त्यातले चार संपेपर्यंत ताई एक अक्षर बोलल्या नव्हत्या. उजव्या पोटरीत गोळा आला होता म्हणून तो पाय त्या जरा बाहेर टाकत होत्या. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला गोदामांच्या लांबच लांब भिंती आणि मधून नाकासमोर जाणारा रस्ता. या रस्त्याला बस येत नाही. बरोबर बाई होत्या. त्यांचे पाय ठणठणीत होते, तरी त्या ताईंच्या अर्धं पाऊल मागेच चालत होत्या.

बाई म्हणजे चौथीच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या, ताईंच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या. हे लिहितेय तीच. पण 'मी, मी' करत सांगायला बसलं की माणूस स्वतःला सांभाळून घेतं, म्हणून इथे बाईच म्हणते.

नऊ किलोमीटरचा दगड आला तशा ताई थांबल्या. बाईंच्या मागे गेल्या आणि त्यांच्या निळ्या टी-शर्टच्या पाठीवरून दोन बोटं फिरवली, गिऱ्हाइकाचं कापड घेताना फिरवतात तशी.

"आत्ता आलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मीठ. पाचला सुटलो, सातला थांबलो, आता आठ वाजतायत. आत्ता कुठे काठाला पांढरं दिसायला लागलं." बोटं त्यांनी स्वतःच्या बाहीला पुसली. "रोज साडेपाचला पाण्याच्या टाकीखाली भेटतो तेव्हा तुमच्या सगळ्यांच्या पाठीवर हे असतं. आज सुटताना नव्हतं. बाई, तुम्ही लोक रोज किती वाजता येता?"

बाईंनी हात मागे नेऊन टी-शर्ट खाली ओढला.

ताईंचं लाँड्रीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक शटर, एक टेबल, दोन इस्त्र्या आणि छताला टांगलेले हँगर. वीस वर्षं त्या टेबलामागे उभ्या आहेत. दोन हॉटेलांचे गणवेश, एका दवाखान्याचे कोट, आणि गल्लीतले लोक लग्नकार्याला जायचे ते कपडे. सकाळी आठ ते रात्री दहा. नवरा बेकरीत रात्रपाळीला, तो सकाळी घरी येताना दुकान उघडून पहिली इस्त्री तापत ठेवतो, मग झोपायला जातो. एकुलती मुलगी दुसऱ्या गावी नर्स आहे. घरात सासूबाई, वय ऐंशी, दात दोन, पण जीभ शाबूत.

कपड्यावरून माणूस ओळखणं हा ताईंचा हातखंडा. कॉलर बघून त्या सांगायच्या, हा माणूस दिवसभर मान खाली घालून बसतो. खिसा बघून म्हणायच्या, याने विडी सोडली म्हणून बायकोला सांगितलंय, पण सोडलेली नाही. आणि घामाचं तर विचारू नका. "घाम ओला असताना मुका असतो," म्हणायच्या, "वाळला की बोलायला लागतो."

उभं राहून राहून त्यांचे पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, चाला. तेवढ्यात एकदा त्या घड्याळकाकांच्या घरी कपडे द्यायला गेल्या. हे काका निवृत्त पोस्टमन, मनगटावर पाटीएवढं घड्याळ, गल्लीतल्या सात-आठ हौशी लोकांना पहाटे पळायला नेतात. ते म्हणाले, "चालता कशाला, पळायलाच या. आपल्याकडे नियम एकच, जो सगळ्यात मागे त्याचा वेग तो सगळ्यांचा वेग. कुणाला टाकून जायचं नाही."

पहिल्या दिवशी ताई चपला घालून आल्या आणि दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर पळून मटकन खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं, तर नवऱ्याचे बूट घालून हजर.

सासूबाई म्हणाल्या, "मागे कुत्रं नाही, पुढे बस नाही, मग पळतेस कशाला गं?"

"सासूबाई, वीस वर्षं एका जागी उभी आहे. जरा बघते तरी रस्ता पुढे कुठे जातो ते."

"जातो कुठे? परत येतो. तूच येतेस ना परत?"

आठ महिन्यांत त्या सहा किलोमीटर सलग पळायला लागल्या. पण सगळ्यांच्या शेवटी. नियमाप्रमाणे सगळे त्यांच्या वेगाने पळायचे, आणि खरं सांगायचं तर आतून चडफडायचे. औषधवाला दुकानदार तर उघड म्हणायचा, "काका, असंच चाललं तर शर्यतीला आपण वरात घेऊन जाणार." शर्यत होती बेचाळीस किलोमीटरची, सहा तासांत संपवायची. सहा तासांनंतर शेवटची कमान काढून नेतात.

मग काकांनीच मार्ग काढला. ताई नसताना टाकीखाली सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "आपण चारला यायचं. आठ किलोमीटर आपल्या वेगाने पळायचे, परत टाकीखाली येऊन घाम वाळेपर्यंत बसायचं आणि साडेपाचला ताई आल्या की त्यांच्याबरोबर उरलेले पळायचे. त्यांना बोलायचं काही कारण नाही. रात्री दहापर्यंत उभी असते बिचारी, उगाच झोप मोडून चारला येईल. आणि मनाला लागेल ते वेगळंच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही डोलावली. कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. उलट सगळ्यांना वाटलं, साप मेला आणि काठीही तुटली नाही.

झालं असं, की आठ किलोमीटर पळून दमलेली ती माणसं आणि नुकत्याच झोपेतून उठून आलेल्या ताई, सगळे आता बरोबरीने पळायला लागले. पंधरा दिवसांनी ताई पुढे राहू लागल्या. एकदा औषधवाल्याला मागे टाकून त्यांनी वळून पाहिलं आणि चढावर ओरडल्या, "काय हो, दुकानातली ताकदीची गोळी संपली वाटतं?" सगळे हसले. ताईंना वाटलं, त्यांच्या विनोदाला हसले.

तेव्हापासून त्यांची चालच बदलली. गणवेश न्यायला आलेल्या हॉटेलच्या मुलांना त्या इस्त्री फिरवता फिरवता सांगायच्या, "मी त्यांच्या बरोबरीने पळते. बरोबरीने म्हणजे कधीकधी पुढेच." पाठीवरचं मीठ त्यांना तेव्हाही दिसत होतं. पण त्याचा अर्थ त्यांनी आपल्या मनासारखा लावला. "काका, टी-शर्ट धूत जा हो," म्हणायच्या, "मीठ राहिलं की कापड कुजतं. नाहीतर माझ्याकडे टाका, फुकट धुऊन देते." काका म्हणायचे, "हो हो, टाकतो." आणि घड्याळात बघायचे.

फॉर्म भरायची वेळ आली. ताईंचं नाव अर्ध्या शर्यतीला, एकवीस किलोमीटरला लागायचं होतं. शेवटच्या दिवशी त्या बाईंच्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "पूर्णच भरा. मुलीला फोन केला होता. म्हणाली, आई, बेचाळीस पळणार असशील तर रजा काढून कमानीपाशी उभी राहते. आजवर तिच्या प्रत्येक बक्षिसाला मी टाळ्या वाजवल्या. आता तिची पाळी."

फॉर्ममध्ये एक रकाना होता, अंदाजे वेळ. बाईंनी रोजच्या साडेपाचच्या वेगावरून गणित मांडलं आणि लिहिलं, पाच तास. ते आकडे कसे आलेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर्गातल्या कुणा पोराने असं गणित मांडलं असतं तर त्यांनी लाल पेनाने आडवी रेघ मारली असती. इथे मात्र ताईंचा फुललेला चेहरा बघून त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना म्हणाल्या, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशीही हेच म्हणाल्या. देवाला सांगून झालं की माणसाला सांगायचं राहूनच जातं.

आजची तीस किलोमीटरची दौड, पंधरा जायचे आणि पंधरा परत, म्हणजे शर्यतीआधीची शेवटची मोठी. आज आधी पळायला कुणाला वेळच नव्हता, म्हणून सगळे पाचला, कोऱ्या पायांनी ताईंबरोबर सुटले. दोन किलोमीटरमध्ये ते वळणापलीकडे दिसेनासे झाले. ताईंना वाटलं, आपल्यालाच आज काहीतरी झालंय. त्यांना गाठायला त्या जिवाच्या आकांताने पळाल्या, पंधरावर एकटीच वळल्या आणि सतराव्या किलोमीटरला पोटरी धरून रस्त्यावर बसल्या. बाईंनी मागे पाहिलं, ताई दिसेनात, तशा त्या उलट्या फिरल्या.

आणि आता नऊचा दगड.

"चारला येतो," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तीन महिने झाले."

"सगळे?"

"सगळे."

ताई चालायला लागल्या. थोड्या वेळाने पुढे बघतच म्हणाल्या, "फॉर्म भरलात तेव्हाही ठाऊक होतं?"

"होतं."

"काकांचं मी समजू शकते. औषधवाल्याचं तर सोडाच, तो पहिल्यापासून कंटाळला होता, तोंडावर कंटाळला होता. पण तुम्ही? तुमच्या घरी बसून बोलले मी, मुलीचं, रजेचं. तुम्ही मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत आणि खाली उभ्या राहून फांदी हलवत होतात."

"ताई, तुम्ही इतक्या खूश होतात..."

"मग? खूश होते म्हणून फसवायचं? पोरं नापास झाली तर सांगता ना त्यांना? की खूश दिसली म्हणून पास करता?"

 आठचा दगड मागे पडला.

मग ताईच म्हणाल्या, हळू आवाजात, "मला वाईट कशाचं वाटतं सांगू? मी मागे आहे याचं नाही. मागेच होते, माहीत होतं मला. चपला घालून आले होते तेव्हा कुणी हसलं नाही, म्हणून तर टिकले. या तीन महिन्यांत मी घरी जाऊन आरशात पाय बघायचे. म्हणायचे, बघा, या पायांनी काय केलं. ते पाय तुमचे उरलेले किलोमीटर पळत होते." त्या थांबल्या. "हसू आवरून पळत असाल ना तुम्ही?"

"नाही. कुणी हसलं नाही. देवाशप्पथ नाही."

"देवाला नका मध्ये घालू. त्याने काय केलंय?"

टाकीपाशी पोचल्या तेव्हा साडेदहा वाजायला आले होते. बाकीचे सगळे कट्ट्यावर बसले होते, पाण्याच्या बाटल्या, केळी समोर ठेवून. ताई दिसताच काका उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. "शाब्बास ताई! होतं असं एखादे दिवशी!" बाकीच्यांनीही टाळ्या धरल्या.

ताई सगळ्यांच्या टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "काका, चारला यायला कुणी उठवतं की गजर लावता?"

काकांचा हात आपोआप घड्याळावर गेला. औषधवाल्याने हातातलं केळं अर्धं सोलून तसंच धरलं. कुणीही बाईंकडे पाहिलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

"आम्ही तुमच्यासाठीच..." काका म्हणाले.

"माझ्यासाठी काय ते मला सांगून करायचं, काका. तुम्ही आयुष्यभर पत्रं वाटलीत. वाईट बातमीचं पत्र कधी खिशात ठेवून घेतलंत का?"

काकांनी मान हलवली. नाही.

ताईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. लंगडत दुकानाच्या दिशेने निघाल्या. बाई त्यांच्या मागे. खरं तर वळून घरी जायला हवं होतं, पण पाय वळेनात.

दुकानात नवऱ्याने तापवून ठेवलेली इस्त्री बंद करून सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. सुनेचा पाय बघून म्हणाल्या, "आज रस्ता परत आला नाही वाटतं, तुलाच चालत यावं लागलं."

"हो, सासूबाई. आज पूर्ण दिसला."

ताईंनी इस्त्री चालू केली. कोटांचा गठ्ठा सोडला. एक कोट टेबलावर पसरला, पाणी शिंपडलं. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. शेवटी त्यांनीच धीर केला. "ताई, अजून तीन आठवडे आहेत. अर्ध्या शर्यतीला नाव बदलून मिळतं. मी जाते, बदलून आणते."

"नको."

"सहा तासांत होणार नाही हो..."

"होणार नाहीच. मलाही हिशेब येतो, लाल पेन नसलं तरी." ओलं बोट इस्त्रीला लावून त्यांनी चटकन मागे घेतलं. "मुलीला आज फोन करते. सांगते, कमान काढून नेली तरी खांबापाशी थांब, आई उशिरा येईल. पण येईल ते स्वतःच्या वेगाने. ती थांबेल. तिला खरं सांगितलं की ती थांबते."

कोटाची एक बाही झाली, दुसरी झाली. कॉलर करताना ताईंचा हात थांबला. नऊच्या दगडानंतर पहिल्यांदाच त्यांनी बाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाई, एक काम कराल माझं?"

"सांगा."

"उद्या साडेपाचला टाकीखाली या. एकट्या. घरून निघालात तशाच या, कोरड्या अंगाने. मी पाठीवर हात लावून बघणार आहे. मग दोघी सुटू, आणि तुम्ही तुमच्या पायांनी पळा. मला मागे टाका. मी वळणाआड गेले तरी मागे फिरू नका."