मांजर्लीचं तळमजल्यावरचं घर

अकोल्याहून निघताना मी मधली खोली रिकामी करून ठेवली होती. धाकटा भाऊ प्रशांत जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याच्या पुण्यानुमोदनाला (गेलेल्याच्या नावानं सगळ्यांनी मिळून करायच्या वंदनेला) बदलापूरला जायचं आणि येताना भावजय वैशाली आणि भाची ओवी यांना कायमचं घेऊन यायचं, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. परस्पर ठरवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

कल्याणला उतरून आधी उल्हासनगर गाठलं, कॅम्प दोन. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये प्रशांत दुकानांच्या रॅकचं वेल्डिंग करायचा. मी कोण ते सांगताच त्याच्या सिंधी शेठनी मशीन बंद करायला लावली. समोर भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास आला. त्यांच्याकडे पाहुण्याचं स्वागत असंच होतं.

"खा ताई. प्रशांत बी पहिल्या दिवशी लाजत होता. नंतर रोज एक पापड बेटीसाठी खिशात घालून न्यायचा."

"खिशात? चुरा होत असेल."

"व्हायचा ना! बेटी चुराच मागायची."

मी हसले आणि लगेच डोळे भरून आले. अर्धा पापड तसाच राहिला.

तिथून बदलापूरची रिक्षा केली. अंबरनाथला रिक्षावाला गॅस भरायला पंपावर थांबला, तेव्हा मला खाली उतरून उन्हात उभं राहावं लागलं. समोर कारखान्याची भिंत, टेम्पोंची रांग, आणि सावली म्हणाल तर जाहिरातीच्या फलकाची.

"कोणाकडे चाललाय, मावशी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"भावाकडे."

"काय करतो भाऊ?"

"वेल्डिंगचं काम करतो."

'करायचा' म्हणायला जीभ वळली नाही. खोटं बोलून इतकं बरं वाटलं, की तो आणखी काही विचारेल म्हणून मी वाट बघत राहिले. पण तो रिक्षा ढकलायला वळला. रांग पुढे सरकली.

मांजर्ली बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीजवळ. मोठ्या पावसात नदी सोसायटीत शिरते, आणि प्रशांतचं घर नेमकं तळमजल्यावर. दुपारी भंतेजींनी वंदना घेतली. पांढऱ्या साडीतली वैशाली, तिला टेकून बसलेली ओवी, आणि फुलांमागे फोटोत हसणारा तो. जेवणं आटोपली. मी वैशालीकडे विषय काढणार, तोच वरच्या मजल्यांवरची माणसं घरात शिरली आणि त्यांनी सरळ फ्रिजलाच हात घातला.

"अहो, काय चाललंय? आज दिवस कुठला आहे?" मी ओरडलेच.

वरच्या मजल्यावरचे कदम थांबले. "ताई, पावसाळा तोंडावर आलाय. दरवर्षी या दिवसांत तळमजल्यावरचं सामान आम्ही लोखंडी स्टँडवर चढवतो. सगळ्यांचे स्टँड प्रशांतनंच बनवलेत. पण स्वतःचं घर तो शेवटी घ्यायचा. बोलायचा, माझं काय, मी आहे ना." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "यंदा त्याचं पहिलं घेतोय."

मी बाजूला झाले. स्टँडचे सांधे बघत बसले. एकही वेडावाकडा नव्हता.

संध्याकाळी तरीही विचारलंच. वैशालीनं हातातलं भांडं पुसून ठेवलं.

"ताई, तुमच्याकडे काही कमी पडणार नाही, ठाऊक आहे मला. पण तिकडे मला सगळे बिचारी म्हणतील. इथे अजून प्रशांतची मिसेस म्हणतात."

"आत्या, तूच राहा ना इथे," ओवी म्हणाली. मी ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी एकटीच परतले. गाडीत शेजारची जागा रिकामी होती, तिच्यावर मी पिशवी ठेवली. त्या दोघी एकट्या पडल्या म्हणून मी त्यांना आणायला गेले होते. खरं तर एकटी मीच होते, आणि ते ओवीला माझ्याआधी कळलं असावं.

घराचं कुलूप काढत होते तेवढ्यात फोन वाजला.

"आत्या, पोचलीस का? फोन का नाही केलास?" ओवी रागावली होती.

प्रवासाहून आले की प्रशांतचा असाच फोन यायचा, अगदी याच रागात. गेलं वर्षभर मी कुठं पोचले की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

"पोचले गं," म्हटलं, आणि दारातच बसून रडले.