लांगरीचा चर

१२ एप्रिल. देवीची पूजा दुसऱ्या दिवसावर आली होती आणि मी माहेरी, आत्याच्या अंगणात गावजेवणाचे टोप घासत बसले होते. हे टोप भावकीचे. एकेक उचलायला दोन माणसं लागतात, आणि वर्षभर ते देवळाच्या माळ्यावर पालथे पडलेले असतात. आतून चिंच आणि राखेनं घासायचे, बाहेरून बुडाला चिखलाचा जाड लेप द्यायचा. मग लाकडाची काजळी धरली तरी लेपाबरोबर सुटून येते. हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, पण आत्या म्हणणार, "माझ्या बापानं शिकवलं." आत्याचं ऐकलं तर पोलादपूर तालुक्यात विस्तवसुद्धा तिच्या बापानंच आणला.

तिचा बाप म्हणजे माझे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत लांगरी होते, म्हणजे आचारी. मिसर, म्हणजे इजिप्त, आणि इटली पाहून आले. परत आल्यावर गावाच्या पूजेचं जेवण त्यांनी फौजेच्या पद्धतीनं, जमिनीत चर खणून रांधायला सुरुवात केली, आणि ते गेल्यावरही गावात तसंच चालू राहिलं. देवळामागच्या शेतात गुडघाभर खोल, लांबच लांब चर खणायचा. एका टोकाला तोंड, तिथून लाकडं सारायची. चरावर पहारी आडव्या टाकून ओळीनं टोप ठेवायचे, मधल्या फटी चिखलानं लिंपायच्या. दुसऱ्या टोकाला बुडं कापलेले पत्र्याचे डबे एकावर एक रचून धुराडं करायचं. एकाच जाळावर भात, डाळ, वालाची उसळ आणि सगळ्यात शेवटी, मंद आचेवर, गव्हाची खीर.

मी बिरवाडीत खानावळ चालवते. कारखान्यातल्या कामगारांचे डबे असतात, सगळं गॅसवर. पण पूजेला डबे बंद ठेवून येते, कारण आत्याचे गुडघे गेल्यापासून चराचं काम माझ्याकडे आलंय.

टोप अर्धे झाले होते तेवढ्यात माझा चुलतभाऊ मुंबईहून आला. गावच्या मुंबई मंडळाचा तो सेक्रेटरी. पायातले बूट काढायच्या आधीच त्यानं विषय काढला.

"आत्या, हे लास्ट हां. मीटिंगमध्ये ठरलंय. उद्या आरतीनंतर लगेच पंगत बसली तर ठीक. नायतर पुढच्या वर्षी केटरर."

"कोण केटरर?"

"महाडचा. गॅसच्या शेगड्या घेऊन येतो, वाढपी पण त्याचेच. तू आरामात खुर्चीवर बसून जेव."

"खुर्चीवर बसून जेवायला मी काय कलेक्टर हाय?"

"ताई, तू तरी सांग. तू स्वतः गॅसवरच करतेस ना?"

"करते. म्हणूनच मला माहीत आहे, गॅसवरची खीर कशी लागते ते."

पण त्याचंही चुकत नव्हतं. मागच्या वर्षी जेवणाला इतका उशीर झाला की मुंबईकरांच्या गाड्या निघायची वेळ झाली तरी भात कच्चाच. अर्धी माणसं देवीच्या प्रसादाऐवजी पोलादपूरच्या नाक्यावर वडापाव खाऊन मुंबईला गेली. त्याच्या आदल्या वर्षीही तसंच. चर धुमसायचा, धूर उलटा आमच्याच डोळ्यांत यायचा, जाळ काही धरायचा नाही. आम्ही लाकडांना ओली म्हणून शिव्या घातल्या. लाकडं बदलली, तरी तेच.

भाऊ आंघोळीला गेला तशी आत्या माझ्याजवळ सरकली. "बाय, मी मेल्यावर काय ते करा गो. पन माझ्या डोळ्यांदेखत बापाचा चर बंद पाडू नका."

"नाही पडणार," मी म्हणाले आणि पुढचा टोप ओढला. कसा नाही पडणार, ते मला माहीत नव्हतं.

आजोबा फौजेत गेले ते बंदूक घ्यायला. त्याआधी ते गिरगावात गाववाल्यांच्या खोलीवर राहून सगळ्यांचं जेवण रांधायचे. भरतीच्या साहेबानं विचारलं, काय येतं? आजोबांनी खरं ते सांगितलं. "बंदूक मागितली, हातात डाव दिला," असं ते म्हणत, आणि दर वेळी तितकेच चिडत. गावात बायका-पुरुष सगळे चेष्टा करायचे.

"लढाईत किती मारलेस रे, लांगऱ्या?"

"मारला नाय कोन. पन चारपाच जनांची पोटं बिघडवली. त्यात एक साहेब होता."

मिसरात त्यांना चर शिकवला तो एका म्हाताऱ्या हवालदारानं. तिथं वाळू सगळीकडे. कणकेत वाळू, डाळीत वाळू, दातांत वाळू. शिपाई जेवताना करकर आवाज यायचा, तो आजोबा आम्हाला तोंडानं काढून दाखवत. पुढे इटलीत डोंगर लागले. "आपल्या आंबेनळी घाटासारखेच. वर बर्फ टाकलेला, एवढाच फरक." तिथं धुराची भीती. डोंगराआडून धूर दिसला की पलीकडून तोफ यायची. त्यामुळे लांगऱ्याची परीक्षा चवीत नव्हती, धुरात होती. जाळ नीट ओढला पाहिजे, धूर कमीत कमी निघाला पाहिजे. मुक्काम हलला की नवी जागा, नवा चर. आणि चर खणायच्या आधी आजोबा मूठभर राख वर उडवून बघायचे.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र एका इटालियन म्हातारीची. छावणीच्या मागे तिचं दगडी घर होतं. ती भांडं घेऊन यायची, आजोबा त्यात डाळ घालायचे. एकदा तिनं बदल्यात पीठ आणून दिलं, तांबूस, नाचणीसारखं. आजोबा खूश. भाकरी थापायला बसले तर ती तव्यावर जायच्या आधीच मोडली. पुन्हा थापली, पुन्हा मोडली. म्हातारी पोट धरून हसायला लागली. ते पीठ धान्याचं नव्हतंच. तिथल्या जंगलात एक काटेरी फळ होतं, त्याच्या बियांचं होतं. त्या बिया भाजल्या की अगदी फणसाच्या आठळ्यांसारख्या लागतात, असं आजोबा सांगायचे. "गोऱ्यांच्या आठळ्या," हे त्यांनीच ठेवलेलं नाव. मग तिनं पीठ पातळ कालवून तव्यावर ओतलं, आपल्या घावनासारखं. आजोबांना ते पटलं नाही. ते मराठीत भांडले, ती तिच्या भाषेत भांडली. रोज भांडण, रोज घावन. फौज पुढे निघाली तेव्हा तिनं त्यांना एक गाठोडंभर आठळ्या दिल्या. आजोबांनी तिला एक डाव दिला, सरकारी.

"सरकारी डाव दिलात? कुणी विचारलं नाही?"

"विचारलं तर. सांगितलं, लढाईत पडला."

वाईट काही ते फारसं सांगत नसत. एवढंच म्हणत, की कधी कधी जेवण जितक्यांचं केलं तितके खायला परत येत नसत, आणि मग उरलेल्या भाताकडे बघवत नसे. म्हणून पूजेच्या दिवशी भात उरलेला त्यांना चालत नसे. शेवटची पंगत उठली की ते स्वतः हायवेवर जाऊन ट्रकवाल्यांना थांबवत, एसटीतल्या माणसांना खाली उतरवत. तो रिवाज अजून आहे.

१३ तारखेला झुंजुमुंजू झालं तेव्हा आम्ही शेतात होतो. चर आदल्या संध्याकाळीच खणून ठेवला होता, नेहमीप्रमाणे तोंड नदीकडे, धुराडं घाटाकडे. आजोबांनी ठेवलं तसंच. त्यात बोटभर फरक करायची कुणाची छाती नव्हती. टोप चढले, पहिली लाकडं आत सारली. पेटवायच्या आधी आत्याची राखेची पूजा. आजोबा राख उडवायचे म्हणून तीही उडवते, पण तिनं त्यात हळदकुंकू मिसळलंय. परातीसमोर हात जोडायचे, डोळे मिटायचे, देवीचं आणि बापाचं नाव घ्यायचं आणि मूठ उधळायची.

तिनं उधळली. भाऊ नदीच्या बाजूला उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता, पांढरा शर्ट घालून. राख-कुंकू सगळं त्याच्या तोंडावर.

"आत्या! काय सिस्टीम आहे यार ही! दरवर्षी मलाच?"

बाया खो खो हसल्या. मी हसता हसता थांबले.

"दरवर्षी म्हणजे?"

"म्हणजे काय? मागच्या वर्षी पण. नवा शर्ट होता."

"तेव्हा कुठे उभा होतास?"

"इथंच. इथून व्हिडिओत देऊळ येतं ना."

म्हणजे दरवर्षी राख नदीकडे जात होती. वारा घाटावरून खाली येत होता, आणि आम्ही चराचं तोंड नदीकडे करून धुराडं वाऱ्याच्या तोंडाला दिलं होतं. धूर उलटा येणार नाही तर काय होणार? मग आजोबांचं कसं जमायचं? ते आठवायला मला वेळ लागला नाही. त्यांच्या वेळी गावजेवण रात्री असायचं. दुपारनंतर दासगावच्या बाजूनं खाडीचा वारा वर येतो, तेव्हा तोंड नदीकडेच हवं. जेवण दुपारी आणलं ते मंडळानं, दोन वर्षांपूर्वी, मुंबईकरांना लवकर निघता यावं म्हणून. स्वयंपाक सकाळवर आला. चर मात्र रात्रीचाच राहिला.

"आत्ये, तोंड फिरवायचं," मी म्हणाले.

"काय फिरवायचं?"

"चराचं. घाटाकडे."

"येडी झालीस काय गो? बाबानं कधी फिरवलं नाय. एवढी वरसं झाली, आज तू फिरवनार?"

समजावत बसायला सवड नव्हती. मी परात उचलून तिच्यापुढे धरली. "परत उडव. पण डोळे उघडे ठेवून."

"डोळं उघडं ठेवून कोन पूजा करतं?"

"लांगरी करतात. उडव."

तिनं माझ्याकडे रागानं बघितलं आणि उडवली. राख वर गेली, जरा थांबली, आणि सरळ नदीकडे निघून गेली. भाऊ या वेळी शहाणपणानं बाजूला झाला होता. आत्या त्या राखेकडे बघत राहिली.

"अगो बया. बाबा ह्याच्यासाठी उडवायचा काय?"

"ह्याच्यासाठीच."

तिनं राखेचे हात पदराला पुसले. मग कमरेवर हात ठेवून सगळ्या शेताला ऐकू जाईल असं ओरडली, "उभं काय ऱ्हायलात? फावडी घ्या! माझ्या बापानं सांगून ठेवलंय, सकाळचं तोंड घाटाकडं!"

बापानं असं काहीही सांगून ठेवलं नव्हतं. पण फावडी आली. नवा चर खणायची गरज नव्हती. धुराड्याचे डबे काढले, ते टोक खोल करून त्याचं तोंड केलं. जुन्या तोंडात माती भरून ते उथळ केलं आणि धुराडं तिथं रचलं. खिरीचा आणि भाताचा टोप जागा बदलून ठेवले, म्हणजे भात जाळाजवळ आणि खीर मंद आचेवर राहिली. मुंबईची पोरंटोरं, जावई, पुजारी, सगळे मातीत. भावाचा शर्ट एव्हाना कुठल्याच रंगाचा राहिला नव्हता. कुणीतरी त्याला म्हणालं, "सेक्रेटरीसाहेब, केटररकडं असली मजा हाय काय?" तो म्हणाला, "गप. माती ओढ."

पेटवलं आणि जाळ आत ओढला गेला. चरातून घोंघों आवाज निघाला, तसा मी लहानपणी ऐकला होता. धूर सरळ डब्यांतून वर. डोळ्यांना पदर लावायची वेळ आली नाही. भात तर इतका भराभर शिजला की मला लाकडं मागे ओढावी लागली.

आरतीची घंटा वाजली तेव्हा खिरीत वेलची पडत होती. नैवेद्य गेला, पंगत बसली. मुंबईकर पहिल्या पंगतीला, बॅगा भरून तयार. भावानं खीर तीनदा घेतली. चौथ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा आत्या खुर्चीवरूनच ओरडली, "पुरे. महाडच्या केटररला पन थोडी भूक ठेव." खुर्ची तिनं मागवली होती, बरं का.

त्यानं खरकट्या हातानंच मंडळाचा माईक धरला आणि जाहीर केलं, की पुढच्या वर्षीही चर, केटरर कॅन्सल, कुणाला ऑब्जेक्शन असेल तर त्यानं खीर परत करावी. कुणी परत केली नाही.

शेवटच्या पंगतीला खाडीचा वारा सुटला आणि धूर फिरून आमच्या अंगावर आला. तोवर रांधायचं काही उरलं नव्हतं, मी जाळ ओढून काढला. मग हायवेवर गेलो. दोन ट्रकवाले आणि महाबळेश्वरला निघालेलं एक जोडपं पकडून आणलं. भात संपला.

संध्याकाळी भावाला उत्साह आला. चराच्या घाटाकडच्या टोकाला त्यानं चार दगड रोवले, त्यांना चुना फासला आणि त्यावर गेरूनं बाण काढला. "आता कुणाला कन्फ्युजन नको. तोंड फिक्स." आत्यानं त्या दगडांना हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती दोघं झोपलेली असताना, मी चर बुजवला, माती तुडवून सारखी केली, चारही दगड उपटून नदीच्या बांधावर टाकले, पुढच्या वर्षी उडवायच्या राखेनं एक डबा भरून आत्याच्या घरातल्या फळीवर ठेवला आणि पहिल्या एसटीनं बिरवाडीला डब्यांची भाजी चिरायला गेले.