पोस्टरवरची निळी साडी

तुमच्या घरातलं माणूस हरवलं आणि पोलिसांनी त्याचा फोटो छापून समोर ठेवला, तर त्यातला रंग खरा आहे का, हे तुम्ही बघाल का? मी पोलीस असून बघितलं नव्हतं. निवृत्त झालो, तरी भिवंडीतला तो दिवस मनातून जात नाही.

टेमघरच्या एक आजी सकाळी घरातून निघाल्या त्या दुपारपर्यंत परतल्या नाहीत. विसराळूपणा वाढलेला, त्यात रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिलेली. आजोबा पोलीस ठाण्यात आले. त्यांचं आयुष्य सूत रंगवण्याच्या कारखान्यात गेलेलं. ‘मिसिंग’, म्हणजे हरवल्याची तक्रार, दाखल केली. त्याच दिवशी सकाळी, निघण्याआधी, नातीच्या वाढदिवसाला काढलेला आजींचा फोटो सुनेने हवालदाराच्या मोबाइलवर पाठवला. आमच्या प्रिंटरवर पोस्टर निघालं. त्यावर ठाण्याचा नंबर होता, म्हणून हवालदाराने त्या छापील कागदाचाच फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. पोस्टर बघूनच मी वर्णनात लिहिलं, ‘निळी साडी’. आजोबा समोर बसले होते. त्यांना विचारलं नाही.

चारच्या सुमारास वज्रेश्वरीहून एका फुलवाल्या बाईंचा फोन आला. “साहेब, कुंडाजवळ एक म्हातारी बसलीय. तोंडवळा तुमच्या फोटोसारखा हाय, पण गाव सांगत न्हाय.”

“साडी कोणती?”

“जांभळी.”

“मग ती नव्हे. आमची निळी आहे.”

“असं व्हय? मग माझीच चूक झाली,” म्हणत त्यांनी फोन ठेवला. तिकडे माझे दोन शिपाई निळ्या साडीच्या मागे काल्हेरच्या गोदामांत फिरत होते.

थोड्या वेळाने आजोबा बाहेरच्या बाकावरून पाणी प्यायला आत आले आणि नोटीस बोर्डापाशी थबकले.

“साहेब, ही कोन?”

“तुमच्या मंडळी.”

“हिला कावीळ कवा झाली? आन् ही निळी साडी कुनाची? माझी बायको जांभळी नेसून गेलीय. जन्मभर रंग घोटलाय मी!”

हवालदाराचा मोबाइल पोस्टरशेजारी धरला. मोबाइलवर जांभळी, कागदावर निळी. मग चौकशी आमच्याच हवालदाराची झाली.

“शाई कुठली?”

“बाहेरून भरली, साहेब. कंपनीची मागवली की मंजुरीला महिना जातो.”

शाईवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “साब, काला तो पक्का आता है ना? सब लोग कागदपत्रंच छापतात, कलर कौन देखता है? गुलाबी जरा हल्की आहे, मान्य.”

गुलाबी कमी पडली की जांभळ्याचा निळा होतो आणि चेहरा पिवळट दिसतो, हे आजोबांनी मला उभ्याउभ्या समजावलं.

फुलवाल्या बाईंना लगेच फोन केला. “त्या आजी आहेत का अजून?”

“हायत की. जेवू घातलंय.”

“चूक माझी होती, बाई. त्यांना हलू देऊ नका.”

आजोबांना जीपमध्ये घेऊन निघालो. आजी कुंडाच्या पायरीवर बसल्या होत्या. नवऱ्याला बघताच कडाडल्या, “येवढा उशीर?”

“पोलिसांनी तुला निळी केली व्हती. मग कशी गावशील?” असं म्हणत आजोबांनी गोळी पुढे केली. आजींनी गोळीसकट त्यांचा हात धरला.

शाईवाल्याला झापून प्रकरण मिटवता आलं असतं. पण न विचारता रंग लिहिणारा मी, आणि आलेली खबर उडवून लावणाराही मीच. स्टेशन डायरीत तसंच नोंदवलं. गणवेशातला माणूस ठामपणे बोलला की समोरचा स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवतो. त्या बाईंनी बरोबर पाहिलं होतं, तरी माफी त्यांनी मागितली. त्याची लाज मला आजही वाटते.

म्हणून एक मागणं आहे. ठाण्यात फोटो द्याल तेव्हा कपड्यांचा रंग त्याखाली स्वतःच्या हाताने लिहा. पोस्टर भिंतीवर चढण्याआधी मागून घ्या आणि नीट बघा. आम्ही घाई करू. तुम्ही अडवा.