बिनआवाजाची डिस्क

बाबा गेल्यावर आईने जेवण सोडलं, असं काही म्हणता येणार नाही. पुढ्यात ताट ठेवलं तर दोन घास खायची. पण स्वतःहून गॅस पेटवेना. कणीक भिजवायची, गोळा झाकून ठेवायची आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसून राहायची. काचबिंदूमुळे तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. तरी पोळ्या कायम तिनेच केल्या, दुसऱ्याच्या हातची तिला चालत नाही. मी रागावले, विनवण्या केल्या, शेवटी हात टेकले. दिवसभर नागपूरबाहेर वाडीच्या गोदामात ट्रकवाल्यांशी डोकं फोडून घरी यावं, तर ओट्यावर ती पापुद्रा धरलेली कणीक. बाई रोज वाळत चालली होती आणि मला भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. बाबांना पोहोचवून आलो त्या दिवसापासून मला काहीच वाटत नव्हतं, भूकसुद्धा नाही. घड्याळ बघून खायचे.

आईने एकच गोष्ट मागितली. "तुह्या बाबाचं ते कम्प्युटर सुरू करून दे वं मले."

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. शिफ्टवरून आले की आंघोळ करून त्या कम्प्युटरपुढे बसायचे. त्यात पत्त्यांचा एक खेळ होता आणि स्वतः टाइप करून बनवलेले दोन-चार किडूकमिडूक प्रोग्राम. रिटायर झाले, नागपुरात घर बांधलं, सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, तरी यांचं आपलं तेच खोकं. बंद करायचीही पद्धत ठरलेली. आधी एक कमांड द्यायची. मग आतल्या डिस्कची सुई बाजूला जाऊन बसायची, 'टक' व्हायचं, आणि त्यानंतरच बटण. एवढी गरज नसते, बटण दाबलं की ती आपोआप बसते, हे मी त्यांना हजारदा सांगितलं असेल. ते म्हणायचे, "चालतं यंत्र एकदम बंद नाही करत. हळूहळू उतरवतात." टर्बाइन उतरवण्यात जन्म गेलेल्या माणसाला मी काय सांगणार, कपाळ!

मी कम्प्युटर उघडून बघितलं तर इतके दिवस बंद राहून डिस्कच अडकलेली. बर्डीच्या बाजारातल्या दुकानदाराने ती हातातही घेतली नाही. अशी आता मिळत नाही, भंगारात टाका म्हणाला. मी चिडून घरी आले आणि मोबाइलवर वाचत बसले. जगात माझ्यासारखे रिकामटेकडे बरेच निघाले. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यात घालायचं जाड मेमरी कार्ड घ्यायचं, ते एका छोट्या पट्टीत खोचायचं आणि पट्टीला डिस्कची केबल लावायची. कम्प्युटरला वाटतं डिस्कच लागली. बिचारं म्हातारं यंत्र, सहज फसतं.

कार्ड आणि पट्टी मागवली. जुनी डिस्क केबल लावलेलीच हातात धरून मनगटाला एक हिसका दिला, तशी ती कण्हत कण्हत फिरायला लागली. तेवढ्यात तिच्यातलं सगळं कार्डावर उतरवून घेतलं. त्यानंतर ती काही उठली नाही.

मे महिना होता. मी कम्प्युटरपुढे बसले रे बसले की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "कूलर बंद कर वं, काही ऐकू नाही येऊन राहिलं." नागपुरात मे महिन्यात कूलर बंद! म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण बंद करायचे आणि घामाने निथळत स्क्रू पिळत बसायचे.

एका रविवारी सकाळी ते सुरू झालं. काळ्या पडद्यावर हिरवी रोमन अक्षरं उमटली, 'या, बसा'. बाबांनीच कधीतरी टाकलेलं, स्वतःच स्वतःला म्हणायचं. मला वाटलं होतं, हे दिसलं की आपला बांध फुटेल. मी वाट पाहिली. मी आपली ढिम्म.

आत जाऊन आईला सांगितलं, सुरू झालं. ती स्टुलावर लायटर हातात धरून बसली होती.

"नाही झालं," ती म्हणाली. "मले ऐकू आलं असतं."

मग तिने सांगितलं. त्या पडद्यात काय दिसतं ते तिला ठाऊकच नव्हतं, कधी विचारलंही नव्हतं. डिस्कची करकर सुरू झाली की ती चहा ठेवायची. टक झालं की तवा. बाबा बटण बंद करून हात धुऊन येईपर्यंत पहिली पोळी फुगलेली असायची. बाबांनी कधी वाढ म्हटलं नाही, तिने कधी या म्हटलं नाही. इतकी वर्षं मी त्याच घरात जेवत होते आणि मला याचा पत्ता नव्हता.

मी तिला समजावलं, जरा तोडूनच, की कार्डात फिरणारं काहीच नसतं, म्हणून आवाज नाही. ते झिजत नाही, अडकत नाही, उलट चांगलंच. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आवाजच नाही तं तवा कधी मांडू?"

मी परत जाऊन बसले. बाबांची कमांड दिली. पडद्यावर 'झालं' अशा अर्थाची ओळ आली, आत काहीच हललं नाही. मेलेली डिस्क टेबलावरच होती. मी ती उचलली आणि टेबलाच्या कडेवर आपटली, टक.

आई काही खुळी नाही, तिला कळलंच असणार. मला माझीच लाज वाटली.

"एवढ्या जोरानं नाही वं," ती आतून म्हणाली. "तुह्या बाबाचा हळू यायचा."

मी पुन्हा वाजवली, हळू.

लायटरचा खटका ऐकू आला. मग तवा ठेवल्याचा आवाज, मग पोळपाटावर लाटणं. मी बटण बंद केलं आणि बसून राहिले. भाजल्या कणकेचा वास बाहेरच्या खोलीत आला. मला रडू आलं नाही, तेव्हाही नाही. भूक लागली. मी हात धुवायला उठले.